खेळाडू घरी, करार फिरतीवर

आइस हॉकीतला बचावपटू शे वेबर शेवटचा सामना खेळला ७ जुलै २०२१ रोजी, मॉन्ट्रियलकडून. त्यानंतर त्याचं नाव आणखी चार संघांच्या वहीत लागलं: आधी व्हेगस, मग ॲरिझोना, मग युटा, मग शिकागो. यातल्या एकाही संघासाठी त्याने स्केट्सची नाडी बांधली नाही. पाऊल, घोटा, गुडघा, सगळंच कामातून गेलेलं. माणूस घरी बसलेला आणि त्याचा करार गावोगाव हिंडतोय, असा प्रकार. कराराची रक्कम ११ कोटी डॉलर, मुदत १४ वर्षं.

उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकीत, म्हणजे एनएचएलमध्ये, उन्हाळाभर जो बाजार चालतो तो समजून घ्यायचा तर या एका करारामागे फिरावं, बाकी बरंच काही वाटेत भेटतं.

मी टोरंटोजवळ राहतो. इथे १ जुलैला कॅनडा डेची सुट्टी. मागच्या अंगणात शेगडी पेटलेली असते, कणसं भाजायला ठेवलेली असतात, आणि दुपारचे बारा वाजले की सगळ्यांच्या माना खाली, फोनमध्ये. त्या मिनिटाला करार संपलेले खेळाडू मोकळे होतात आणि बाजार उघडतो. २०२५च्या जुलैत नाशिकहून भाचा आला होता. हे दृश्य बघून त्याने विचारलं, "मामा, इथे आज दहावीचा निकाल आहे का?"

तसंच म्हण, म्हटलं. फक्त इथे गुणांची बेरीज खेळाडूची नाही, संघाच्या हिशेबनिसाची.

खिसा केवढा?

आयपीएल बघणाऱ्याला अर्धं गणित आधीच येतं. २०२५च्या मोठ्या लिलावाआधी प्रत्येक संघाला १२० कोटी रुपयांची थैली ठरवून दिलेली होती, आणि त्यातले २७ कोटी लखनौने एकट्या ऋषभ पंतवर घातले. एनएचएलमध्येही थैली ठरलेली असते. तिला सॅलरी कॅप म्हणतात, आपण पगारमर्यादा म्हणू. २०२५-२६च्या हंगामासाठी ती ९ कोटी ५५ लाख डॉलर होती. फरक असा की इथे लिलाव नाही. खेळाडू सात-सात, आठ-आठ वर्षांचे करार करतो, म्हणजे आज केलेली चूक पुढचा जीएम, संघाचा जनरल मॅनेजर, निस्तरतो. आणि बदलीत रोकड देता येत नाही. हार्दिक पंड्या गुजरातकडून मुंबईकडे परत आला तो रोख पैशांवर. तसं इथे चालत नाही. खेळाडूच्या बदल्यात खेळाडू, नाहीतर भावी निवडीचा हक्क, म्हणजे दर वर्षी नव्या तरुण खेळाडूंतून संघ फेरीफेरीने निवड करतात त्यातली एक पाळी. शुद्ध वस्तुविनिमय.

ही मर्यादा मुळात भांडणातून आली. २००४-०५चा अख्खा हंगाम मालक आणि खेळाडूंच्या वादात वाहून गेला, स्टॅन्ली कप कुणालाच मिळाला नाही. २००५मध्ये समेट झाला तेव्हा मालकांनी मर्यादा पदरात पाडून घेतली. पहिल्या वर्षी ती होती ३ कोटी ९० लाख. पुढे २०१२-१३ला पुन्हा टाळेबंदी झाली आणि तेव्हापासून लीगच्या कमाईतला निम्मा वाटा खेळाडूंचा, निम्मा मालकांचा, असं ठरलं. मर्यादेचा आकडा त्या वाट्यावरून निघतो. म्हणून करोनात स्टेडियमं ओस पडली तेव्हा मर्यादा ८ कोटी १५ लाखांवर तीन हंगाम गोठून राहिली, आणि आता कमाई वाढल्यावर भराभर चढते आहे. २०२७-२८साठी जाहीर झालेला अंदाज ११ कोटी ३५ लाखांचा आहे.

दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. एक, ही मर्यादा कडक आहे. बास्केटबॉलमध्ये दंड भरून मर्यादेबाहेर जाता येतं, इथे नाही. दुसरी, वर छत आहे तशी खाली जमीनही आहे. २०२५-२६मध्ये प्रत्येक संघाला किमान ७ कोटी ६ लाखांचे पगार वहीत दाखवणं भाग होतं. ही दुसरी गोष्ट नवख्याला बिनमहत्त्वाची वाटते. वेबरच्या गोष्टीत मात्र तीच शेवटी कामाला येते.

उन्हाळ्यापुरती थोडी सैल दोरी मिळते: हंगाम सुरू होईपर्यंत मर्यादेच्या १० टक्के वर गेलं तरी चालतं. त्यामुळे जुलैत सगळे हौसेने लग्नाची खरेदी करतात आणि सप्टेंबरात हप्ते आठवतात. सप्टेंबरातल्या बऱ्याच बदल्या या हप्त्यांपायी होतात. फलाणा खेळाडू 'संघाच्या योजनेत बसत नाही' असं तेव्हा सांगितलं जातं. तो योजनेत बसतो हो, थैलीत बसत नाही.

२०१२चा उन्हाळा

नॅशव्हिलच्या बचावात दोन खांब होते, शे वेबर आणि रायन सूटर. २०१२ला सूटरचा करार संपला आणि तो पूर्ण मोकळा झाला. ४ जुलैला तो मिनेसोटाला गेला, १३ वर्षं, ९ कोटी ८० लाख. त्याच दिवशी त्याच संघाने झॅक परीझेलाही तेवढ्याच वर्षांचा, तेवढ्याच पैशांचा करार दिला.

वेबरचं वेगळं होतं. तो अर्धा मोकळा होता. करार संपला, पण वय आणि सेवेची वर्षं पुरेशी झाली नसतील तर जुन्या संघाचा पहिला हक्क राहतो. दुसरा संघ लेखी प्रस्ताव देऊ शकतो, खेळाडू त्यावर सही करू शकतो, आणि मग जुन्या संघाला सात दिवस मिळतात: तेवढेच पैसे देऊन ठेवून घ्या, नाहीतर भरपाईत निवडीचे हक्क घेऊन सोडून द्या. आयपीएलमधलं आरटीएम कार्ड आठवा. फक्त इथे कार्ड हातात घेऊन आठवडाभर घाम गाळायचा.

फिलाडेल्फियाने वेबरपुढे १४ वर्षं, ११ कोटींचा कागद ठेवला, आणि तो कागद हुशारीने लिहिला होता. पहिली चार वर्षं दर वर्षी १ कोटी ४० लाख. त्यातले १ कोटी ३० लाख सहीची रक्कम म्हणून हातात, पगार नावाला १० लाख. आपल्याकडे ऊसतोडीला उचल देतात ना, तशी उचल. नॅशव्हिल हा छोट्या बाजारातला संघ. एवढी रोकड एकदम काढताना त्यांचं कंबरडं मोडेल, हा फिलाडेल्फियाचा हिशेब. सूटर जाऊन पंधरा-वीस दिवसही झालेले नव्हते. जीएम डेविड पॉइल यांनी दुसरा खांब जाऊ दिला नाही. चार पहिल्या फेरीच्या निवडी नाकारून २४ जुलैला त्यांनी कार्ड वापरलं.

इथे या खेळातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा समजून घ्यायला हवा. मर्यादेत मोजली जाते ती त्या वर्षी दिलेली रक्कम नव्हे, तर कराराची सरासरी. ११ कोटी भागिले १४, म्हणजे वर्षाला ७८ लाख ५७ हजार. वेबरला पहिल्या वर्षी १ कोटी ४० लाख मिळाले तरी वहीत लागले ७८.५७ लाख. आणि शेवटच्या तीन वर्षांत त्याला मिळणार होते वर्षाला फक्त १० लाख, तरी वहीत तेच ७८.५७ लाख. खिशातला पैसा वेगळा, वहीतला वेगळा. पुढचं सगळं राजकारण या दोन आकड्यांमधल्या फटीत चालतं.

करार इतके लांब का? सरासरी खाली ओढायला. चाळिशीतली, फुटकळ पगाराची वर्षं शेपटीसारखी जोडली की भागाकार लहान येतो, आणि ती वर्षं येईपर्यंत खेळाडू निवृत्त झालेला असतो. न्यू जर्सीने २०१०मध्ये इल्या कोवाल्चुकला १७ वर्षांचा करार दिला तेव्हा लीगने तो सरळ फेटाळला आणि संघाला दंडही केला. बाकीच्यांनी धडा एवढाच घेतला की शेपूट जरा आखूड ठेवायची.

निवृत्त व्हायची सोय नाही

टाळेबंदीनंतर, २०१३च्या नव्या करारनाम्यात, लीगने ही शेपूट छाटली. स्वतःच्या खेळाडूला जास्तीत जास्त आठ वर्षं, बाहेरच्याला सात. पगार एका वर्षातून दुसऱ्या वर्षात किती पडू शकतो यालाही लगाम. (ही मुदत सप्टेंबर २०२६पासून आणखी एकेका वर्षाने कमी.) आणि जुन्या करारांसाठी एक वसुलीचा नियम: खेळाडू मुदतीआधी निवृत्त झाला तर ज्या संघाने वहीत कमी दाखवून खिशातून जास्त दिलं, त्याच्याकडून तो फरक उरलेल्या वर्षांत वसूल करायचा.

वेबरचं गणित पाटीवर करून बघा. नॅशव्हिलने चार वर्षांत दिले ५ कोटी ६० लाख. वहीत लागले ३ कोटी १४ लाख. फरक २ कोटी ४५ लाख ७० हजार. समजा करार संपायला एक वर्ष असताना वेबर निवृत्त झाला असता, तर ही सगळी रक्कम त्या एका हंगामात नॅशव्हिलच्या माथी आली असती. मोठ्या थैलीचाही चौथा हिस्सा, आणि बदल्यात शून्य खेळाडू. तोवर वेबर नॅशव्हिलमध्ये असो वा नसो! तो २०१६लाच मॉन्ट्रियलला गेला होता, तरी ही टांगती तलवार नॅशव्हिलवरच होती. २०२०मध्ये नियम मवाळ केला, वर्षाची वसुली सरासरीच्या वर जाणार नाही एवढी सूट मिळाली.

व्हॅन्कुव्हरवर ही तलवार खरंच पडली. रॉबर्टो लुआँगोला त्यांनी १२ वर्षांचा करार दिलेला. तो पुढे फ्लोरिडाला गेला, २०१९मध्ये तिकडेच निवृत्त झाला, आणि व्हॅन्कुव्हरच्या वहीत तीन हंगाम दर वर्षी ३० लाखांवर रक्कम लागत राहिली. लग्न मोडून पाच वर्षं झाली आणि बँडवाल्याचं बिल अजून येतंय.

आता मागे सूटरकडे जाऊ. मिनेसोटाने २०२१च्या जुलैत सूटर आणि परीझे दोघांनाही पैसे देऊन मोकळं केलं. याला बायआउट म्हणतात: उरलेल्या पगाराचा दोन तृतीयांश भाग, उरलेल्या वर्षांच्या दुप्पट काळात फेडायचा. ऐकायला स्वस्त वाटतं. पण यांच्या करारातही उचल आधी होती, त्यामुळे वहीतला बोजा मधल्या वर्षांत फुगला. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन हंगामांत प्रत्येकी १ कोटी ४७ लाखांवर. २०२४-२५च्या मर्यादेचा हा सहावा हिस्सा. बायआउटनंतर सूटर तीन हंगाम डॅलसकडून खेळला, आणि २०२३च्या बाद फेरीत डॅलसने पहिल्याच टप्प्यात मिनेसोटाला घरी पाठवलं. विरोधी संघात खेळणाऱ्या माणसाला आपण पगार द्यायचा, तोही वहीत दाखवून. याहून बोचरं उदाहरण मला तरी माहीत नाही.

वावड्या कशा वाचाव्यात

जूनच्या शेवटच्या आठवड्यात कंड्या पिकतात. अमुक संघ तमुक खेळाडूला 'हलवायला तयार', फलाण्याच्या एजंटाने 'चाचपणी केली'. चाहते तर स्वतःच बदल्या मांडत बसतात: आमचे दोन सुमार खेळाडू घ्या, तुमचा हिरा द्या. प्रत्येकाला आपला कांदा गावठी आणि दुसऱ्याचा सडका वाटतो.

मी वावडी ऐकली की आधी तारीख बघतो. २९ जून २०१६ला मॉन्ट्रियलने पी. के. सुबान नॅशव्हिलला दिला आणि बदल्यात वेबर घेतला. सुबान शहराचा लाडका, लोक रस्त्यावर हळहळले. पण दोन दिवसांनी, १ जुलैपासून, सुबानच्या करारातलं बदलीला मज्जाव करणारं कलम लागू होणार होतं. त्यानंतर त्याला विचारल्याशिवाय पान हललं नसतं. सौद्याचा बरेवाईटपणा बाजूला ठेवा, घाई का झाली ते एवढ्यावरून कळतं.

हे मज्जावाचं कलम म्हणजे शिक्षकांच्या बदल्यांतल्या पसंतीक्रमासारखं, फक्त उलटं. खेळाडू यादी देतो: या दहा गावांना मला पाठवायचं नाही. २०२२च्या मार्चमध्ये व्हेगसने येव्गेनी दादोनोव्ह या खेळाडूला ॲनाहाइमला पाठवलं. जाहीर झालं, बातम्या झाल्या. आणि मग उघड झालं की ॲनाहाइम त्याच्या नकाराच्या यादीत होतं. ती यादी त्याने आधीच्या संघात, ओटावात असताना दिलेली. लीगने दोन दिवसांनी सौदा रद्द केला आणि दादोनोव्ह मुकाट्याने पुन्हा व्हेगसकडून खेळायला लागला. कोट्यवधी डॉलरच्या धंद्यात एक कागद फायलीतून पुढे गेला नाही म्हणून! सरकारी कचेरीत हेलपाटे घातलेल्या माणसाला हे ऐकून फार बरं वाटतं.

तीन महिन्यांनी व्हेगसने दादोनोव्हला मॉन्ट्रियलला पाठवला, आणि बदल्यात घेतला... वेबर. जो खेळणारच नव्हता तो.

का घेतला? कारण लांब दुखापतीच्या यादीचा नियम. छताला टेकलेल्या संघाचा खेळाडू दीर्घकाळ जायबंदी असेल, तर त्याच्या वहीतल्या रकमेएवढं वर जायची मुभा तेव्हा मिळायची. दादोनोव्हचे ५० लाख गेले, वेबरचे ७८ लाख आले, पण ते आले पोकळ. तेवढ्या रकमेचे खेळणारे खेळाडू मर्यादेवर चढवता आले. टँपाने तर २०२१मध्ये याची कमाल केली. निकिता कुचेरोव्ह कमरेच्या शस्त्रक्रियेमुळे अख्खा साखळी हंगाम बाहेर, आणि बाद फेरीच्या पहिल्या सामन्याला हजर. तेव्हा बाद फेरीत मर्यादा मोजतच नव्हते. त्याने ३२ गुण मिळवले, टँपाने कप जिंकला, आणि जल्लोषात गडी 'मर्यादेपेक्षा १ कोटी ८० लाखांनी जास्त' असं छापलेला टीशर्ट घालून फिरला. अंतिम फेरीत हरलेला संघ मॉन्ट्रियल. वेबरचा तो शेवटचा सामना, ७ जुलैचा, हाच. २०२५-२६पासून बाद फेरीत उतरणाऱ्या खेळाडूंच्या रकमाही मोजायला लागले. टीशर्टामुळे नियम बदलला असं मी म्हणणार नाही, पण मालकांच्या डोळ्यात तो खुपला असणार.

तारखेनंतर बघायचा तो छताशी असलेला अंतराचा आकडा. ऑगस्ट २०२४मध्ये सेंट लुइसने एडमंटनच्या दोन तरुणांना, फिलिप ब्रोबर्ग आणि डिलन हॉलोवे यांना, एकदम लेखी प्रस्ताव दिले. एडमंटन दोन महिन्यांपूर्वी अंतिम फेरीचा सातवा सामना हरलेलं, वही काठोकाठ भरलेली. ब्रोबर्गला देऊ केले वर्षाला ४५,८०,९१७ डॉलर. हा सतरा डॉलरपर्यंत नेमका आकडा कुठला? भरपाईच्या तक्त्यात दुसऱ्या फेरीची एकच निवड द्यावी लागते ती तिथपर्यंतच. एक डॉलर वर गेला की भरपाई महागते. हॉलोवेचे २२,९०,४५७ हेही तिसऱ्या फेरीच्या रकान्यातलं शेवटचं घर. सात दिवस विचार करून एडमंटनने दोघांनाही जाऊ दिलं. सेंट लुइसला प्रतिस्पर्ध्याचा अडला हरी दिसला होता, आणि त्यांनी पायही अगदी मोजूनमापून धरायला लावले.

असे प्रस्ताव फार येत नाहीत, कारण जीएम लोक मनात धरतात. मॉन्ट्रियलने २०१९मध्ये कॅरोलायनाच्या सेबॅस्टियन आहोला प्रस्ताव दिला, कॅरोलायनाने जुळवून त्याला ठेवलं. दोन वर्षांनी कॅरोलायनाने मॉन्ट्रियलच्या येस्पेरी कोट्कानिएमीला प्रस्ताव दिला, ६१ लाखांचा. त्यात सहीची रक्कम किती? २० डॉलर. आहोचा जर्सी क्रमांक २०. भाऊबंदकी काय फक्त आपल्याकडेच असते?

तिसरी खूण उचलीची. मॉन्ट्रियलचा गोलरक्षक कॅरी प्राइस २०२२च्या वसंतानंतर खेळलेला नाही, वहीत मात्र १ कोटी ५ लाख. २०२५च्या सप्टेंबरात त्यांनी तो करार सॅन होजेला दिला, वर पाचव्या फेरीची एक निवड. सप्टेंबरच का? १ सप्टेंबरला ५५ लाखांची सहीची रक्कम मॉन्ट्रियलने भरून टाकली होती. घेणाऱ्याच्या खिशातून जायचे उरले फक्त २० लाख. ज्याच्या वहीत जागा आहे आणि खिशाला कात्री नको आहे, असा संघ शोधायचा, हप्ता भरायचा, मग वस्तू त्याच्या गळ्यात घालायची. म्हणून मोठ्या उचलीच्या खेळाडूबद्दल जूनमध्ये कितीही बातम्या येवोत, मी सहीची तारीख उलटेपर्यंत थांबतो.

आमच्या टोरंटोचीही एक सांगतो, कारण भाचा आला त्याच्या आदल्याच दिवशी ती घडली होती. मिच मार्नर, गावातच वाढलेला, वर्षाला १ कोटी ९ लाखांचा. ३० जूनला करार संपत होता, आणि त्याच्या संमतीशिवाय त्याला हलवता येत नव्हतं. त्याला व्हेगसला जायचं होतं. तो १ जुलैपर्यंत थांबला असता तर व्हेगस सातच वर्षं देऊ शकलं असतं. आठवं वर्ष फक्त जुन्या संघाच्या हातात. म्हणून ३० जूनला टोरंटोनेच त्याच्याशी आठ वर्षांचा, ९ कोटी ६० लाखांचा करार केला आणि त्याच दमात त्याला व्हेगसला पाठवलं. बदल्यात निकोला रुआ मिळाला. नाहीतर हात हलवत बसावं लागलं असतं. मार्नरला एक वर्ष जास्त, टोरंटोला रिकाम्या हाताऐवजी एक कामाचा खेळाडू. व्हेगसच्या वहीत जागा कुठून आली? त्याच सुमारास त्यांचा बचावपटू ॲलेक्स पिएट्रँजेलो कमरेच्या दुखण्याने बाहेर बसणार असल्याचं जाहीर झालं, वहीत ८८ लाख. लांब दुखापतीची यादी, पुन्हा.

"आणि टॅक्स?" भाच्याने विचारलं. तो सीए करतोय, त्याची नजर तिकडेच जाणार. बरोबर होती. नेव्हाडा, फ्लोरिडा, टेक्सास या राज्यांत राज्याचा आयकर नाही. ऑन्टारियोत वरच्या टप्प्याला ५३ टक्क्यांहून जास्त कापले जातात. थैली सगळ्यांना सारखी, पण तिच्यातल्या डॉलरची किंमत गावागणिक वेगळी. फ्लोरिडाने २०२४ आणि २०२५चा कप जिंकला आणि त्यानंतर आपले तीन मोठे खेळाडू, बेनेट, एकब्लाड आणि मार्शँड, तिघेही ठेवून घेतले. टोरंटोने १९६७नंतर कप पाहिलेला नाही. त्याला एकटा आयकर जबाबदार आहे असं इथे दर घरात एक माणूस मानतो. मी तो माणूस नाही, पण कधीकधी वाटतं.

जमिनीला टेकण्यासाठी

२०२३च्या फेब्रुवारीत व्हेगसला वेबरचा पोकळपणाही नको झाला. त्यांनी तो ॲरिझोनाला दिला, वर पाचव्या फेरीची निवड. ॲरिझोनाचा संघ तेव्हा विद्यापीठाच्या पाच हजारांच्या आतल्या मैदानात सामने भरवत होता. पैशांची ओढाताण, आणि खालच्या मर्यादेला तर टेकायलाच हवं. वेबर म्हणजे त्यांच्यासाठी घबाड: वहीत ७८.५७ लाख, आणि पुढच्या हंगामापासून प्रत्यक्ष पगार १० लाख. खेळणाऱ्या माणसावर ७८ लाख खर्च करण्यापेक्षा न खेळणाऱ्यावर १० लाख परवडतात.

ॲरिझोनाने या धंद्यात हात पक्का बसवलेला होता. २०१५मध्ये त्यांनी ख्रिस प्राँगरचा करार घेतला. प्राँगर खेळत नव्हता, लीगच्याच खेळाडू-सुरक्षा विभागात नोकरी करत होता, आणि त्याच वर्षी हॉल ऑफ फेममध्ये गेला. खेळाडू, लीगचा नोकर आणि इतिहासपुरुष, एकाच वेळी तिन्ही. २०१६मध्ये पावेल डात्सुक रशियाला परतला तेव्हा डेट्रॉइटने त्याचे ७५ लाख ॲरिझोनाकडे सरकवले आणि त्या उपकाराची परतफेड म्हणून पहिल्या फेरीत स्वतःची वरची जागा दिली. त्या जागेवर ॲरिझोनाने जेकब चिक्रन निवडला, पुढे चांगला नावारूपाला आला. दुसऱ्याचा भंगार माल उचलायचे पैसे घ्यायचे, आणि तो माल आपल्या वजनकाट्यावर सोनं म्हणून दाखवायचा.

२०२४मध्ये तो संघच सॉल्ट लेक सिटीला गेला आणि वेबरचा करार सामानाबरोबर युटात पोहोचला. २०२५च्या मार्चमध्ये युटाने तो शिकागोला दिला. २०२५-२६ हा १४ वर्षांतला शेवटचा हंगाम.

टोरंटोत यंग आणि फ्रंट रस्त्यांच्या कोपऱ्यावर हॉकीचं हॉल ऑफ फेम आहे. भाच्याला तिथे नेलं. २०२४च्या मानकऱ्यांत शे वेबर आहे, त्याला सात दिवसांत जुळवून ठेवणारे डेविड पॉइल आहेत, आणि पावेल डात्सुकही आहे. तिघे एकाच संध्याकाळी आत आले, आणि त्या संध्याकाळी वेबर कागदोपत्री युटाचा चालू खेळाडू होता. भाचा फलक वाचत वाचत घुमटाखाली पोहोचला, वर रंगीत काच, भिंतींना जुनं लाकूड आणि दगड.

"मामा, हे आधी देऊळ होतं का?"

"नाही रे," म्हटलं, "बँक ऑफ मॉन्ट्रियलची शाखा."